आशा स्वयंसेविका : घर, शेत आणि गावाचे आरोग्य

ग्रामीण स्त्रीच्या जीवनात कुटुंब, उपजीविका आणि समाजकार्य हे तीन वेगळे कप्पे नसतात. पहाटे चूल पेटविणारे हातच दुपारी शेतात खुरपणी करतात आणि रात्री-अपरात्री शेजारच्या बाळंतिणीच्या मदतीला धावून जातात. यांतील तिसऱ्या कामाला १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने नाव आणि चौकट दिली. 'मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती' अर्थात 'आशा' ही ती चौकट होय. देशातील आशांची संख्या आता दहा लाखांच्या घरात गेली आहे. मात्र 'स्वयंसेविका' या संबोधनामागे, तिच्यापाशी रिकामा वेळ आहे, असे एक गृहीत दडलेले आहे. ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

पूर्वपीठिका

गावातील सामान्य स्त्री गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हा विचार २००५ मध्ये अचानक जन्माला आला नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने १९७० पासून जामखेड परिसरात अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर स्त्रियांनाही आरोग्यसेविका म्हणून घडविले. शासनाने १९७७ मध्ये देशपातळीवर आरोग्य कार्यकर्त्यांची योजना राबविली. परंतु तीत पुरुषांचाच भरणा अधिक होता आणि गरोदरपणाच्या तक्रारी त्यांच्यापुढे मांडणे स्त्रियांना अवघड होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि त्यामुळे बालमृत्यू लक्षणीयरीत्या घटतात, हे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. २००२ मध्ये छत्तीसगढमध्ये 'मितानिन' कार्यक्रम सुरू झाला. 'मितानिन' म्हणजे मैत्रीण. आशा योजनेची मुळे अशा अनुभवांत आहेत.

निवड आणि कार्य

साधारणतः एक हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. ती त्याच गावची रहिवासी आणि शक्यतो २५ ते ४५ वयोगटातील विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असावी, असा निकष ठरला. अविवाहित मुलगी लग्नानंतर परगावी जाईल आणि प्रशिक्षण वाया जाईल, हा त्यामागील व्यवहारी विचार होता. म्हणजेच संसाराची जबाबदारी शिरावर असलेली स्त्रीच या कामासाठी हेतुपुरस्सर निवडली गेली.

तिच्या कामाचा आवाका एका उदाहरणावरून ध्यानात येईल. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी तिला बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे लागते. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवसाची भेट अधिक. बाळाचे वजन करणे, अंग गार पडले आहे काय हे पाहणे, स्तनपानाविषयी मातेला समजावणे आणि धोक्याची लक्षणे दिसताच बाळाला रुग्णालयात पोहोचविणे ही कामे ठरलेल्या दिवशीच व्हावी लागतात. त्या दिवशी घरात पाहुणे आहेत किंवा शेतात काढणी सुरू आहे, म्हणून बाळाचा सातवा दिवस पुढे ढकलता येत नाही. याखेरीज लसीकरण, क्षयरुग्णांचा पाठपुरावा, कुटुंबनियोजन, सर्वेक्षणे आणि नोंदवह्या आहेतच.

वेळेचा हिशेब

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. असे काम करणारे पुरुष देत होते ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ होते. पाच वर्षांत स्त्रीचा भार केवळ दहा मिनिटांनी हलका झाला आणि पुरुषांचा वेळही नऊ मिनिटांनी घटला. अशा घरकामात जवळपास पाच तास गेल्यावर शेतीचे किंवा मजुरीचे काम उरतेच. तेव्हा आशा गावासाठी जो वेळ देते तो रिकामा नसतो. तो तिच्या झोपेतून, विश्रांतीतून किंवा बुडालेल्या मजुरीतून आलेला असतो.

सेवा की श्रम?

आशेला वेतन नव्हे, तर कामनिहाय मोबदला मिळतो. नियमित कामांसाठीची दरमहा रक्कम केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून एक हजारावरून दोन हजार रुपये केली आणि २०२५ मध्ये ती साडेतीन हजार करण्याचा निर्णय झाला. अनेक राज्ये त्यात स्वतःची भर घालतात. २०१३ मधील ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवरील अशा कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. कोविड काळातील कामगिरीनंतर मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव मोलाचा खरा. परंतु त्याने बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

नियमित वेतन दिल्यास आशा गावाची प्रतिनिधी न राहता शासनयंत्रणेची शेवटची कर्मचारी होईल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो विचारात घेण्याजोगा आहे. कारण तिचे बळ हुद्द्यात नसून गावाच्या विश्वासात आहे. तथापि शिक्षकाला वेतन मिळते म्हणून त्याच्यावरील गावाचा विश्वास कमी होत नाही. विश्वास टिकतो तो निवडीत ग्रामसभेचा सहभाग राहिल्याने आणि आशा गावाला उत्तरदायी असल्याने; तिला अल्प मोबदला दिल्याने नव्हे.

पुढील दिशा

मोबदला वेळेवर आणि कामनिहाय तपशिलासह मिळणे, नवे सर्वेक्षण सोपविताना त्यास लागणारे तास आधी मोजणे आणि एकच माहिती अनेक नोंदवह्यांत भरण्याची सक्ती थांबविणे या तीन गोष्टी प्रशासनाला सहज करता येण्याजोग्या आहेत. चौथी गोष्ट मात्र शासननिर्णयाने होणारी नाही. आशा बाळंतिणीसोबत रुग्णालयात गेली असेल त्या रात्री तिच्या घरची चूल कोणी पेटवावी, याचे उत्तर तिच्या कुटुंबातील पुरुषांनीच द्यावयाचे आहे. गावाचे आरोग्य ज्या स्त्रीच्या हाती सोपविले, तिचा दिवसही चोवीस तासांचाच असतो, याचे भान ठेवणे ही या योजनेच्या यशाची पहिली अट आहे.