तेलाआधी अग्नी



थंडी पडू लागली की अंगाची खाज, नडग्यांवरचे पांढरे पापुद्रे आणि टाचांच्या भेगा घेऊन येणारे रुग्ण वाढतात. अशा वेळी तेलाचे नाव लिहून केसपेपर मिटण्याची घाई नव्या वैद्याने करू नये. वायू म्हणजे वात हा दोष रूक्ष म्हणजे कोरडा, शीत, लघु आणि खर म्हणजे खरखरीत गुणांचा असून स्पर्शेंद्रियात त्याचेच आधिक्य असते आणि त्वचा हे त्या इंद्रियाचे स्थान असते. म्हणूनच चरकाने आपल्या संहितेतील सूत्रस्थानाच्या ‘मात्राशितीय’ अध्यायात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, त्वचेस विशेष हितकर मानले. वाग्भटाने अभ्यंग नित्य करावा, त्यातही डोके, कान आणि पाय यांना विसरू नये असे सांगितले. मात्र कफाने ग्रस्त, नुकतेच वमन-विरेचनादी शोधन झालेले आणि अजीर्ण असलेले यांना त्याने तो वर्ज्यही ठरवला.

म्हणून त्वचा पाहण्याआधी भूक, मलप्रवृत्ती आणि जीभ यांची चौकशी व्हावी. जिभेवर साका आणि अंगात जडपणा असेल, तर आमाचा, म्हणजे मंद अग्नीमुळे (मंदावलेल्या पचनशक्तीमुळे) अर्धवट पचून राहिलेल्या आहाररसाचा, संशय धरून आधी हलका आहार द्यावा व तेल-तूप नंतर योजावे. अग्नी चांगला असेल, तर आहारात तूप, दूध व तीळ वाढवावेत. हेमंतात अग्नी बलवान असल्याने ते पचतात. बाजरी उष्ण असली तरी रूक्ष, म्हणूनच मराठी घरात तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा येतो.

बाह्योपचारात थंडी व वाताचे प्राबल्य असता उष्ण गुणाचे तीळतेल, तर दाह असता शीत गुणाचे खोबरेल निवडावे. तेल कोमट करून स्नानापूर्वी चोळावे आणि स्नान कोमट पाण्याने व्हावे, कारण कढत पाणी व तीव्र साबण त्वचेचा नैसर्गिक स्निग्धांश धुऊन नेतात. कोरडे उटणे कफ व मेद कमी करणारे असल्याने रूक्ष त्वचेवर ते नुसते घासू नये; दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल व मग उटणे हा क्रम आहे, तो मोडू नये, आणि उटणे शक्यतो दुधात कालवावे. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात फिरवल्यास त्वचेतील ओलावा टिकतो.

चिघळलेल्या, सुजलेल्या किंवा पाणी सुटणाऱ्या त्वचेवर मात्र तेल चोळू नये. रूक्षतेसोबत थकवा, वजनवाढ आणि थंडी सहन न होणे आढळल्यास थायरॉईडची, अतितहान व वारंवार लघवी आढळल्यास रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी; मधुमेह्याच्या टाचेची भेग तर कधीच किरकोळ समजू नये.

दोषांचे साम्य एका बाटलीने येत नाही. आहार, स्नान व निद्रा यांची रोजची शिस्त रुग्णाच्या अंगवळणी पाडणे हेच वैद्याचे खरे काम होय.