गाउट व मूत्रपिंड : दुखतें एकीकडे, धोका दुसरीकडे

वणी व दिंडोरीच्या परिसरांत द्राक्षांचे मळे पुष्कळ आहेत, आणि हंगामांत तेथील काम कोणासाठीं थांबत नाहीं. अशा दिवसांत एखादा गडी पहांटे जागा होतो, तों पायाच्या आंगठ्याच्या मुळाशीं इतकी वेदना कीं, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाहीं. सांधा लाल, सुजलेला व ऊन झालेला असतो. तो लंगडत औषधांच्या दुकानीं जातो, दुखणें थांबविणाऱ्या गोळ्या घेतो, आणि दुपारीं मळ्यांत हजर होतो. आठवड्याभरांत सूज उतरते व तो म्हणतो, "मुरगळला असेल." पुढच्या वर्षीं पुनः तेंच, मग महिन्या-दोन महिन्यांनीं तेंच. अशा मनुष्यासाठीं हा पाठ आहे. आमचें सांगणें एवढेंच कीं, दुखणें आंगठ्यांत असलें तरी नासाडी मूत्रपिंडांत होऊं शकते, आणि न विचारतां घेतलेली गोळी त्या नासाडीला हात देते.

ह्या रोगास डॉक्टर गाउट म्हणतात. चरकसंहितेंत वातरक्त नांवाचा जो रोग वर्णिला आहे त्याच्याशीं ह्याचें पुष्कळ साम्य आहे. त्यास तेथें आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात, असेंही नांव आहे. परंतु हा रोग श्रीमंतांचाच नव्हे. कष्टकऱ्यासही तो सोडीत नाहीं.

रोगाचें मूळ कोठें आहे? आपल्या शरीरांतील पेशी झिजतात व अन्न पचतें, तेव्हां युरिक ॲसिड नांवाचा पदार्थ तयार होतो. त्याचा सुमारें दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडें लघवीवाटे बाहेर टाकितात. शंभर मिलिलिटर रक्तांत तो सुमारें ६.८ मिलिग्रॅमहून अधिक झाला, म्हणजे पाण्यांत न विरघळलेल्या मिठाप्रमाणें त्याचे खडे बनूं लागतात. हे सुईसारखे बारीक कण सांध्यांत सांचले म्हणजे गाउट होतो. शील ह्या रसायनशास्त्रज्ञास हा पदार्थ १७७६ सालीं प्रथम मुतखड्यांत सांपडला. पुढें १७९७ सालीं वोलॅस्टन ह्यानें गाउटच्या सांध्यांवरील गांठींत तोच दाखविला. म्हणजे आंगठ्याचें दुखणें व मुतखडा हीं पुष्कळदां एकाच घरचीं भावंडें असतात.

मूत्रपिंडांस तीन प्रकारें इजा पोहोंचते.

पहिला प्रकार मुतखड्याचा. लघवी थोडी व आम्लधर्मी असली म्हणजे युरिक ॲसिडचे खडे धरतात. उन्हांत दिवसभर राबून पाणी कमी पिणाऱ्यास हें भय अधिक. हे खडे साध्या क्ष-किरण चित्रांत बहुधा दिसत नाहींत, सोनोग्राफींत दिसतात.

दुसरा प्रकार मूत्रपिंडांची शक्ति हळूहळू कमी होण्याचा. गाउटच्या रोग्यास रक्तदाब व मधुमेह पुष्कळदां असतात, आणि तेही मूत्रपिंड झिजवितात. मूत्रपिंड दुबळें झालें कीं युरिक ॲसिड बाहेर पडत नाहीं. तें रक्तांत वाढलें कीं गाउट बळावतो. असें हें रहाटगाडगें फिरत राहतें. ह्यांत वेदना नसते, म्हणूनच तें फसवें आहे.

तिसरा प्रकार आपण स्वतः ओढवून घेतों. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन इत्यादि गोळ्या मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करितात. निरोगी मनुष्यानें डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार दिवस घेणें निराळें, आणि तहानलेल्या किंवा मूत्रपिंड दुबळें झालेल्या मनुष्यानें महिनोन्‌महिने घेणें निराळें. नांवगांव नसलेल्या पुड्यांतही कित्येकदां हींच औषधें किंवा स्टिरॉइड मिसळलेलीं असतात.

आतां उपाय. झटका आला असतां सांध्यास विश्रांति द्यावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी व डॉक्टरांकडे जावें. मूत्रपिंड बिघडलें असल्यास ते बेतानें कोल्चिसीन किंवा थोडे दिवस स्टिरॉइड देतात. कोल्चिसीनची मात्रा अशा रोग्यास कमी लागते.

झटका शमला म्हणजे रोग गेला असें नव्हे. रक्तांतील युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खालीं आणून तेथेंच ठेवणें हा खरा उपचार होय. ह्यासाठीं ॲलोप्युरिनॉल हें औषध १९६६ सालापासून वापरांत आहे. तें शोधणाऱ्या एलियन व हिचिंग्ज ह्यांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मूत्रपिंडाच्या रोग्यास तें अगदीं थोड्या मात्रेनें सुरू करून हळूहळू वाढवितात. पहिल्या कांहीं महिन्यांत झटके अधिक येऊं शकतात. तेवढ्यावरून औषध सोडूं नये. मात्र अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडांत फोड आल्यास तें तत्काळ बंद करून रुग्णालय गांठावें. युरिक ॲसिडचा खडा असल्यास लघवीची आम्लता कमी करणारें पोटॅशियम सायट्रेट डॉक्टर देतात. त्यानें खडा विरघळूंही शकतो. पण दुबळ्या मूत्रपिंडास तें जपून द्यावें लागतें.

खाण्यापिण्याविषयीं : दारू सोडावी. काळीज, गुर्दा, मांस, सुकट व गोड शीतपेयें कमी करावीं. डाळ, उसळ व पालेभाजी ह्यांस भिण्याचें कारण नाहीं, ताकही चांगलें. दिवसांत दोन लिटरांहून अधिक लघवी होईल इतकें पाणी प्यावें. परंतु पायांवर सूज असेल किंवा मूत्रपिंड निकामी होऊं लागलें असेल, तर पाण्याचें व आहाराचें प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें.

उपदेशक बंधूंनीं हा पाठ मंडळींत वाचून दाखवावा, आणि वारंवार सांधा सुजणाऱ्यास तीन तपासण्या करण्यास सांगावें : रक्तांतील युरिक ॲसिड, रक्तांतील क्रिएटिनीन व लघवींतील प्रथिनें. झटक्याच्या वेळीं युरिक ॲसिड प्रमाणांत दिसूं शकतें; म्हणून तें दोन आठवड्यांनीं पुनः पाहावें. वणीचें ग्रामीण रुग्णालय जवळ आहे; जरूर पडल्यास नाशिकचें जिल्हा रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांस विनामूल्य डायलिसिस मिळावें अशी योजना २०१६ सालीं सुरू झाली, ही उपकाराची गोष्ट खरी. परंतु आठवड्यांतून दोन-तीन वेळां यंत्राला बांधून घेण्यापेक्षां, आज एक दिवसाची मजुरी बुडवून रक्त तपासून घेणें कितीतरी स्वस्त आहे.