अंकीय दूरचित्रवाणीचे ग्रहण

लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मनोऱ्यावरून १९९८ साली अंकीय दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले; १८ एप्रिल २०१२ रोजी तेथील जुनी पद्धत कायमची थांबली. जुन्या पद्धतीत लहरी क्षीण झाल्या की पडद्यावर ठिपके पडत, तरीही चित्र ओळखू येई. अंकीय पद्धतीत चित्र अंकरूपाने येते. थोड्या चुका संच स्वतःच सुधारतो. परंतु मर्यादा ओलांडताच चित्राचे तुकडे होतात आणि ते नाहीसे होते. अंधुक चित्रावर भागविणे येथे शक्य नाही. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. यास्तव एरियल उंचावर, मनोऱ्याच्या दिशेने बसवावी लागते. विद्यार्थिमित्रहो, चित्र तुटू लागल्यास नवा संच आणण्यापूर्वी एरियलची दिशा, उंची व तार तपासावी.