खुब्याचा सांधा बदलताना : छोट्या छेदाचे खरे मोल

खुब्याचा सांधा बदलायचे ठरले की हल्ली पहिला प्रश्न येतो, "छोट्या छेदाची शस्त्रक्रिया करावी का?" ईस्ट टामाकी परिसरातील आपल्या कुटुंबांसाठी थोडी माहिती.

खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडाच्या वाटीत फिरतो. मधली कूर्चा झिजली की जांघेत दुखते, मोजे घालणेही जड जाते. इंग्लंडमध्ये सर जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली धातूचा माथा आणि प्लॅस्टिकची वाटी बसविण्याची पद्धत रूढ केली. तत्त्व आजही तेच आहे; सांध्यापर्यंत पोचण्याच्या वाटा मात्र वाढल्या आहेत.

मागच्या बाजूने जाताना काही स्नायू हाडापासून सोडवून पुन्हा शिवावे लागतात. पुढच्या बाजूने स्नायू न कापता दोन स्नायूंमधून आत जाता येते. दोन्ही वाटांनी छेद साधारण १० सेंटिमीटरपर्यंत लहान ठेवता येतो. पुढच्या वाटेने पहिल्या काही आठवड्यांत चालणे बहुधा लवकर जमते. वर्षभरानंतर फारसा फरक उरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूस बधिरपणा येऊ शकतो आणि सराव कमी असल्यास हाड मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून छेदाच्या लांबीपेक्षा शल्यविशारदाचा अनुभव पाहावा.

खर्चाचे काय?

१. नागरिक व रहिवासी : फॅमिली डॉक्टरांच्या पत्राने सरकारी रुग्णालयात मोफत, पण गरजेनुसार क्रम लागतो व थांबावे लागते.

२. खाजगी विमा : विमा घेण्यापूर्वीचे दुखणे बहुधा वगळलेले असते. आधी लेखी मंजुरी घ्यावी.

३. ए. सी. सी. : पडून खुबा मोडल्यास येथील उपचारांना मदत मिळते, पाहुण्या आई-वडिलांनाही. वयाने होणारी झीज त्यात बसत नाही.

४. व्हिजिटर व्हिसावरील आई-वडील : झिजेवरील शस्त्रक्रियेचा खर्च सहसा स्वतःच करावा लागतो.

डॉक्टरांना विचारा : या पद्धतीच्या किती शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला करता? माझ्या हाडांना ती मानवेल का? मांडी घालून किंवा उकिडवे बसता येईल का, आणि कधी? हा शेवटचा प्रश्न येथील डॉक्टरांना आपणहून सुचेलच असे नाही. पूजेला पाटावर बसणे, खाली बसून जेवणे अशा आपल्या सवयी त्यांना आधीच सांगाव्यात. घरी परतण्यापूर्वी उंच खुर्ची, कमोडवरची उंच बैठक व न्हाणीघरात धरायला दांडा यांची सोय करून ठेवावी.