निद्रिस्त नाव आणि विद्युत् मोटार

मोटारींच्या जगात काही नावे अशी असतात की, ती नामशेष झाली असे म्हणता येत नाही आणि ती जिवंत आहेत असेही म्हणवत नाही. कारखाना थांबलेला असतो, सुटे भाग दुर्मिळ झालेले असतात. परंतु हौशी लोकांच्या स्मरणात ते नाव टिकून असते. अशा नावाला निद्रिस्त नाव म्हणावे. बंगळूर शहरात ‘सॅन स्टॉर्म’ हे असे एक नाव आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या तेथील कंपनीने दोन आसनांची, उघड्या टपाची एक छोटी गाडी तयार केली. तिचे एंजिन रेनॉ या फ्रेंच कंपनीचे, ११४९ घन सेंटिमीटरचे आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे होते. शर्यतीच्या दृष्टीने ही शक्ती किरकोळच. पण गाडी हलकी व बुटकी असल्यामुळे चालविणाऱ्याला वेगाचा आनंद मिळे. आता ती तयार होत नाही.

वाहनांच्या अभिकल्पाचा, म्हणजे रूप व रचना यांच्या पूर्वनियोजनाचा, अभ्यास करणारे विद्यार्थी अशा निद्रिस्त नावासाठी नवी विद्युत् गाडी कल्पिण्याचा प्रयोग पुष्कळदा हाती घेतात. प्रयोग मोहक आहे आणि म्हणूनच फसवाही आहे. बहुतेक विद्यार्थी आरंभ चित्रापासून करतात: लांब नाक, रुंद चाके, मागे तुटल्यासारखी उतरणारी रेषा. वास्तविक आरंभ तराजूपासून व्हावयास हवा. हे म्हणणे का खरे आहे, ते बंगळूरच्याच एका गाडीच्या इतिहासावरून चांगले समजते.

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर १९७८ मध्ये ‘केऑनिक्स’ या कर्नाटक राज्याच्या संस्थेने इलेक्ट्रॉनिक सिटी वसविली. या वसाहतीमागे आर. के. बाळिगा यांची दृष्टी होती. तिच्यापुढे थोड्याच अंतरावर बोम्मसंद्र ही औद्योगिक वसाहत लागते. भारतातील पहिली खऱ्या अर्थाने विक्रीस आलेली विद्युत् मोटार, ‘रेवा’, येथेच तयार झाली.

रेवाचे मूळही विद्यार्थिदशेतील एका प्रयोगात सापडते. चेतन मैनी हे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात यंत्र-अभियांत्रिकी शिकत असताना तेथील विद्यार्थ्यांनी ‘सनरनर’ नावाची सौरशक्तीवर चालणारी गाडी बांधली. मैनी त्या चमूत होते. १९९० मध्ये ही गाडी अमेरिकेतील सौर शर्यतीत पहिली आली आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील जागतिक शर्यतीत तिने तिसरा क्रमांक पटकावला. सौर शर्यतीत शक्ती जेमतेम एखाद्या विजेच्या इस्त्रीइतकी मिळते. त्यामुळे प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळी, इतकेच नव्हे तर चालकाचे वजनही हिशेबात धरावे लागते. असे शिक्षण वर्गातील फळ्यावर क्वचितच मिळते.

पुढे मैनी उद्योगसमूह आणि कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन ही कंपनी यांच्या सहकार्याने रेवाचे काम सुरू झाले व २००१ मध्ये गाडी विक्रीस आली. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर प्लॅस्टिकचे पत्रे अशी तिची रचना होती. आसनांखाली ६ व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या बसविलेल्या होत्या. येथे थोडे गणित करून पाहू. आठ बॅटऱ्यांचे मिळून ४८ व्होल्ट. प्रत्येकीची धारकता २०० अँपिअर-तास. म्हणजे साठविलेली ऊर्जा ९.६ किलोवॅट-तास. शिसे-आम्ल प्रकारात दर किलो वजनामागे साधारण ३५ वॅट-तास ऊर्जा मावते असे धरले, तर एकट्या बॅटऱ्यांचे वजन सुमारे २७० किलो भरते. सबंध गाडी पावणेसातशे किलोंच्या आसपास. याचा अर्थ, गाडी तिच्या भाराच्या सुमारे चाळीस टक्के केवळ स्वतःच्या शिदोरीसाठी वाहत होती. युरोपातील तत्कालीन नियमांनी अशा छोट्या चारचाकींना ४०० किलोंची मर्यादा घातली होती. पण विद्युत् वाहनांच्या बॅटऱ्यांचे वजन त्यातून वगळले होते. कायद्यालासुद्धा शिदोरीकडे काणाडोळा करावा लागला!

एवढ्या ऊर्जेवर रेवा सुमारे ८० किलोमीटर जाई. म्हणजे दर किलोमीटरला १२० वॅट-तास. हा आकडा विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

२००९ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात रेवा कंपनीने दोन नव्या गाड्या मांडल्या. ‘एनएक्सआर’ ही चार जणांची कौटुंबिक गाडी होती. दुसरी, ‘एनएक्सजी’, ही दोन आसनांची, खेळकर रूपाची संकल्पना-गाडी होती आणि तिचा अभिकल्प मुंबईचे विख्यात अभिकल्पक दिलीप छाब्रिया यांनी केला होता. तिच्यासाठी सांगितलेले आकडे असे: एका भारणात २०० किलोमीटरचा पल्ला आणि ताशी १३० किलोमीटरचा कमाल वेग.

आता वरील आकडा घेऊन पाहू. जुन्या रेवाइतकीच काटकसर धरली, तरी २०० किलोमीटरसाठी २४ किलोवॅट-तास ऊर्जा लागेल. ती शिसे-आम्ल बॅटऱ्यांत साठवावयाची तर वजन जवळजवळ सातशे किलो होईल, म्हणजे एका अख्ख्या रेवाइतके! लिथियम-आयन बॅटरीचा संच दर किलोमागे १०० वॅट-तास देतो असे मानल्यास तेच वजन २४० किलोंवर येते. तेव्हा एनएक्सजीची डौलदार रेषा ही छाब्रियांच्या पेन्सिलीतून उतरली असली, तरी तिला उभे राहण्याची मुभा दिली ती लिथियमने. यात वेगाचा प्रश्न अजून आलेलाच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६५ वरून १३० वर गेल्यास तो चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. पल्ला व कमाल वेग हे दोन आकडे माहितीपत्रकात शेजारी छापलेले असतात. रस्त्यावर ते एकत्र नांदत नाहीत.

२०१० च्या मे महिन्यात महिंद्र उद्योगसमूहाने रेवा कंपनीत बहुमताचा वाटा घेतला. २०१२ मध्ये बोम्मसंद्र येथे नवा कारखाना सुरू झाला आणि एनएक्सआरच्या वंशातील ‘ई-टू-ओ’ ही गाडी २०१३ मध्ये बाजारात आली. एनएक्सजी मात्र प्रदर्शनापुरतीच राहिली. २०१४ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात महिंद्रांनी ‘हॅलो’ नावाची आणखी एक दोन आसनांची विद्युत् संकल्पना-गाडी मांडली. तीही विक्रीस आली नाही. पुढे ई-टू-ओचे उत्पादन थांबले आणि रेवा हे नावच निद्रिस्त झाले. चार जणांना कार्यालयात पोचविणारी गाडी निघाली आणि दोघांना आनंद देणारी निघाली नाही, याचे आश्चर्य वाटू नये. खंत मात्र वाटते.

निद्रिस्त परंपरा जागी झाल्याचे उदाहरण परदेशात आहे. एमजी या ब्रिटिश नावाची ‘एमजीबी’ ही उघडी गाडी १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. तिचे वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास होते. आज चिनी मालकीखाली असलेल्या त्याच नावाने ‘सायबरस्टर’ ही विद्युत् गाडी काढली आणि २०२५ मध्ये ती भारतातही विक्रीस आली. ती शंभर किलोमीटरचा वेग साडेतीन सेकंदांच्या आत गाठते. तथापि तिचे वजन दोन टनांच्या घरात आहे. नाव परत आले, चपळाईही आली. हलकेपणा तेवढा आला नाही. टेस्ला कंपनीच्या २००८ मधील ‘रोडस्टर’ गाडीतही हेच दिसते. लोटस कंपनीची सुमारे नऊशे किलोंची गाडी आधाराला घेतली. पण एकट्या बॅटरीचेच वजन सुमारे साडेचारशे किलो झाले.

सॅन स्टॉर्मचा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून असा हिशेब मांडावा. एंजिन, गिअरबॉक्स, इंधनाची टाकी, धुराची नळी ही सर्व काढल्यावर दोनशे किलो मोकळे होतात असे गृहीत धरू. मोटर व तिची नियंत्रक यंत्रणा यांना ८० किलो द्यावेत. उरले १२० किलो. आजचा चांगला संच किलोमागे १५० वॅट-तास देतो असे मानल्यास १८ किलोवॅट-तास ऊर्जा मावेल व रेवाच्या काटकसरीने गाडी १५० किलोमीटर जाईल. बंगळूरहून म्हैसूर साधारण तेवढेच दूर. पण द्रुतगती मार्गावरील वेगाला म्हैसूर गाठणेही कठीण. ४०० किलोमीटरचा हट्ट धरल्यास संच ३२० किलोंचा होतो. म्हणजे दोन आसनांच्या गाडीत तीन जाडजूड माणसे कायमची बसविल्यासारखे आहे.

संच कोठे ठेवावा, हा पुढचा प्रश्न. तळाशी पसरल्यास आसने वर चढतात आणि बुटकेपणा जातो. टेस्लाने तो आसनांच्या मागे उभा केला होता. स्टॉर्मचे एंजिन पुढे होते, त्यामुळे नाकाची पोकळीही मोकळी होते. परंतु सारे वजन तेथे घातल्यास वळणावर गाडी बाहेर ओढली जाईल. पुढे थोडे, मागे थोडे अशी विभागणी बहुधा करावी लागेल. बाह्य रेषा आखण्यास यानंतर बसावे.

शेवटी कायद्याविषयी दोन शब्द. नाव निद्रिस्त झाले म्हणजे ते बेवारस झाले, असे नव्हे. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार सलग पाच वर्षांहून अधिक काळ न वापरलेले चिन्ह नोंदवहीतून काढण्यासाठी अर्ज करता येतो. ते आपोआप गळून पडत नाही. तसेच २००० च्या अभिकल्प कायद्याखाली नोंदणी मिळण्यासाठी अभिकल्प नवा असावा लागतो आणि अर्जापूर्वी तो लोकांसमोर आलेला नसावा लागतो. तेव्हा ज्याला आपली गाडी कागदाबाहेर काढण्याची थोडी जरी आशा असेल, त्याने अर्ज आधी करावा आणि प्रदर्शनात चित्र मागाहून टांगावे.