‘चि. सौ. कां.’ म्हणजे नेमकं काय?

लग्नसराईत घरी आलेली एखादी पत्रिका वर्गात न्या आणि मुलांना विचारा, वराच्या नावाआधी नुसतं ‘चि.’ आणि वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ असं का? ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, हे बरेच जण सांगतील. गाडी अडते ती ‘सौ. कां.’ पाशी. कुणी ‘सौभाग्यकांता’ म्हणून मोकळंही होतं!

पूर्ण शब्द आहे ‘सौभाग्यकांक्षिणी’. कांक्षा म्हणजे इच्छा. आकांक्षा, महत्त्वाकांक्षा हे शब्द मुलांच्या ओळखीचे असतातच. म्हणून सौभाग्यकांक्षिणी म्हणजे सौभाग्याची इच्छा करणारी. ‘सुंदर’वरून जसं सौंदर्य, तसं ‘सुभग’वरून सौभाग्य. फक्त इथे ‘सु’चा ‘सौ’ होतो आणि ‘भ’चा ‘भा’सुद्धा होतो.

आता लेखनाचं. शब्द एकच असला तरी संक्षेप करताना जोडावर तोडून दोन्ही भागांचं पहिलं अक्षर घेतलंय. दुसऱ्या भागाचं पहिलं अक्षर ‘कां’ आहे, ‘का’ नाही. पत्रिकांमध्ये ‘सौ. का.’ सर्रास दिसतं. एकाने छापलं की पुढचा तेच उतरवतो. अनुस्वार गेला की कांक्षाच गेली.

सौभाग्य म्हणजे चांगलं नशीब. ‘त्यांना भेटण्याचं सौभाग्य लाभलं’ असं पुरुषही म्हणतो. पण बाईच्या बाबतीत मराठीत हा अर्थ आक्रसला आणि सौभाग्य म्हणजे नवरा हयात असणं एवढाच उरला. लग्नाआधी ती त्याची इच्छा करणारी, लग्न लागलं की सौभाग्यवती, म्हणजे ‘सौ.’. त्यामुळे लग्नाच्या वाढदिवसाच्या फलकावर ‘चि. सौ. कां.’ लिहिणं चूकच. आणि हो, ‘श्री.’, ‘सौ.’ ही दुसऱ्याने द्यायची उपपदं आहेत, आपल्याच सहीत ती लावू नयेत.

वराला मात्र असा कुठलाच शब्द नाही. लग्नाआधी चिरंजीव, नंतर श्री., आणि बायको गेली तरी श्री.च! बाईचं ‘सौ.’ जातं आणि ‘श्रीमती’ येतं, जुन्या पत्रांत तर ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी. खरं तर ‘श्रीमती’चा विधवेशी शब्दार्थाने काही संबंध नाही. हिंदीत विवाहितेला श्रीमतीच म्हणतात आणि आपल्याकडेही कार्यालयीन पत्रांत ते सरसकट चालतं. पण गावात ‘श्रीमती’ वाचलं की लोक काय समजायचं ते समजतात.

शाळेचे अर्ज, हजेरीपट, स्नेहसंमेलनाची निमंत्रणं आपणच लिहितो, म्हणून हे सांगायचं. वडील नसलेल्या मुलाच्या आईचं नाव ‘सौ.’च्या यादीत वेगळं उठून दिसतं आणि वर्गातल्या पोरांनाही ते कळतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवायला गावाला ठराव करावा लागला. उपपदासाठी तर तेवढंही नको. सगळ्या आयांच्या नावामागे ‘श्रीमती’ लिहा, नाहीतर नुसतं नाव लिहा. पत्रिकेत काय छापायचं ते घरच्यांनी ठरवावं, फक्त ‘कां’वरचा अनुस्वार तेवढा तपासावा.