दंत क्ष-किरणतज्ज्ञ : कार्यक्षेत्र, कौशल्य आणि जबाबदारी

लखनौच्या चौक परिसरातील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ ही उत्तर भारतातील जुन्या आरोग्यसंस्थांपैकी एक होय. १९११ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला २००२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. मधली काही वर्षे ती छत्रपती शाहूजी महाराजांच्या नावाने ओळखली जात असे. २०१२ मध्ये मूळ नाव पुन्हा स्वीकारण्यात आले. येथील दंतविज्ञान विद्याशाखेत ‘मुखवैद्यक व क्ष-किरणशास्त्र’ हा स्वतंत्र विभाग आहे. दंत क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून ओळखली जाणारी व्यक्ती या विषयातील पदव्युत्तर पदवीधर असते.

विभागाचे हे जोडनाव लक्षात घेण्याजोगे आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मुख व जबड्याच्या क्ष-किरणशास्त्राला १९९९ मध्ये, तर मुखवैद्यकाला २०२० मध्ये स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता दिली. म्हणजे तेथे या दोन शाखा निराळ्या आहेत. भारतात मात्र रुग्णाचे तोंड तपासणारा आणि त्याचे छायाचित्र वाचणारा तज्ज्ञ एकच असतो. भारतातील रोगाचे स्वरूप पाहता ही व्यवस्था अधिक उपयुक्त ठरते, असे म्हणावे लागेल.

छायाचित्राची मर्यादा

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीनुसार (२०१६-१७) देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. उत्तर प्रदेशात हे प्रमाण ३५.५ टक्के, तर महाराष्ट्रात २६.६ टक्के होते. विदर्भातील खर्रा, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील मिश्री आणि जौनपूरकडील दोहरा यांची नावे वेगळी असली तरी तोंडावर होणारा आघात सारखाच आहे. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाच्या आतील त्वचेखाली तंतू साचतात, गाल कडक होतात आणि तोंड उघडेनासे होते. एरवी तीन बोटे सहज मावतील एवढे उघडणारे तोंड पुढे एका बोटापुरतेही उघडत नाही. या विकाराचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते.

आता प्रश्न असा, की क्ष-किरण येथे काय दाखवतात? आरंभी जवळजवळ काहीच नाही. पांढरा चट्टा, लाल डाग, बरी न होणारी जखम हे सारे मऊ ऊतींत घडते. रोग हाडापर्यंत पोहोचला तरी तेथील खनिजद्रव्याचा सुमारे ३० ते ५० टक्के भाग नष्ट झाल्याखेरीज साध्या छायाचित्रात बदल ठळकपणे दिसत नाही. म्हणजेच छायाचित्र निर्दोष आहे, यावरून रुग्ण निर्दोष ठरत नाही. छायाचित्राची वाट पाहत बसल्यास उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून चांगला दंत क्ष-किरणतज्ज्ञ प्रथम आरशाने आणि बोटांनी तपासतो, मानेतील गाठी चाचपतो, संशय आल्यास जखमेचा तुकडा तपासणीसाठी पाठवतो आणि रोग हाडात किती शिरला आहे, हे ठरविण्यासाठी प्रतिमेकडे वळतो.

वाचनाचे कौशल्य

यंत्राची कळ दाबणे हे तंत्रज्ञाचेही काम आहे. तज्ज्ञाचे खरे काम त्यानंतर सुरू होते. खालच्या उपदाढेच्या मुळाजवळ एक काळसर ठिपका दिसतो, असे समजा. तो मुळाशी झालेला पू असू शकतो किंवा हनुवटीकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे नैसर्गिक छिद्रही असू शकते. दात जिवंत आहे की नाही, याची चाचणी न करता निष्कर्ष काढला, तर निरोगी दाताच्या मुळावर विनाकारण उपचार होतात.

दुसरे उदाहरण हाडात अडकलेल्या वरच्या सुळ्याचे. सपाट चित्रात तो टाळूकडे आहे की ओठाकडे, हे कळत नाही. अशा वेळी क्ष-किरण नळी थोडी सरकवून दुसरे छायाचित्र घेतात. नळीच्याच दिशेने सुळा सरकलेला दिसला तर तो टाळूच्या बाजूस, विरुद्ध दिशेने सरकला तर ओठाच्या बाजूस असतो. १९१० च्या सुमारास सुचविली गेलेली ही युक्ती आजही शिकवली जाते, कारण तिला महागडे यंत्र लागत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शंकुकिरण संगणकीय चित्रण आले आणि जबड्याची त्रिमितीय प्रतिमा मिळू लागली. अक्कलदाढेचे मूळ मज्जातंतूला किती लागून आहे किंवा कृत्रिम दात बसविण्यास पुरेसे हाड आहे का, हे ठरविताना तिचा मोठा उपयोग होतो. मात्र तिची प्रारणमात्रा साध्या छायाचित्राच्या अनेक पट असते. सोय आहे म्हणून प्रत्येकाला त्रिमितीय चित्रण सुचविणे हे कौशल्याचे लक्षण नव्हे.

प्रारणसुरक्षा

रॉंटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि अवघ्या काही आठवड्यांत जर्मनीतील ओटो वॉल्कहॉफ यांनी दातांचे पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. आज सेकंदाचा अंश पुरतो. अमेरिकेतील दंतवैद्य एडमंड केल्स हे आपल्या हातावरच किरणांची तीव्रता पाहत. त्यांना आधी बोटे आणि पुढे हात गमवावा लागला.

भारतात या क्षेत्राचे नियमन १९८३ मध्ये स्थापन झालेले आणि मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियम, २००४ हे त्याचे महत्त्वाचे साधन होय. प्रारणाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. सामान्य जनतेसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. रुग्णाच्या वैद्यकीय तपासणीला अशी संख्यात्मक मर्यादा लागू होत नाही. तेथे तपासणीचे समर्थनीय कारण आणि शक्य तितकी कमी मात्रा ही दोनच तत्त्वे लागू होतात. परीक्षार्थींचा येथे नेहमी गोंधळ होतो. दाताच्या एका साध्या छायाचित्राची मात्रा सुमारे एका दिवसाच्या नैसर्गिक प्रारणाएवढी असते. भीती बाळगण्यासारखी नाही, पण उधळण्यासारखीही नाही.

प्रवेश आणि अन्य कार्य

दंतशल्य पदवीनंतर ‘नीट-एमडीएस’ परीक्षेद्वारे तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. दंतवैद्य कायदा, १९४८ हा दीर्घकाळ या व्यवसायाचा आधार राहिला. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला.

या तज्ज्ञाची गरज न्यायप्रक्रियेतही भासते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ नुसार वयाच्या निश्चितीसाठी प्रथम शाळेचा किंवा मंडळाचा दाखला, तो नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला पाहिला जातो. दोन्ही नसतील तरच अस्थिचाचणी किंवा अन्य अद्ययावत वैद्यकीय चाचणी करता येते. दातांच्या वाढीवरून वय काढण्यासाठी १९७३ मध्ये मांडलेली डेमिर्जियन पद्धत प्रसिद्ध आहे. तीत खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या सात दातांच्या वाढीचे आठ टप्पे पाहिले जातात. परंतु सोळा वर्षांनंतर केवळ अक्कलदाढच वाढत असते आणि तिची गती व्यक्तीगणिक बदलते. नेमक्या अठराव्या वर्षाच्या सीमेवर उभ्या असलेल्या, कोणताही दाखला नसलेल्या मुलाच्या अहवालात तज्ज्ञ एकच आकडा लिहीत नाही. संभाव्य किमान व कमाल वय नोंदवून निर्णय न्यायालयावर सोपवतो.